सेप्टिक टाकी : ‘भरली’ म्हणण्याआधी झाकण उघडा

वाचक विचारतात

पावसाळ्याचा दुसरा महिना लागला की या सदराकडे टाकीच्या पत्रांची रांग लागते. इंदूरच्या जुन्या भागात ड्रेनेजची लाइन आहे, पण बायपासच्या अंगाला, राऊ-बिचोलीकडे अजून कितीतरी घरं आपापल्या सेप्टिक टाकीच्या भरवशावर आहेत. यंदाच्या पत्रांतले पुन्हापुन्हा येणारे प्रश्न एकत्र करून घेतले आहेत.

आमचं पाच माणसांचं घर आहे. टाकी ७ फूट लांब, ४ फूट रुंद, ५ फूट खोल. शेजारी विटांचा शोषखड्डा. तिच्यात फक्त संडासांचं पाणी जातं. उन्हाळाभर काही त्रास नव्हता, पण जुलैपासून दर तीन आठवड्यांनी टँकर बोलवावा लागतो. मिस्त्री म्हणतात, टाकी लहान पडते, दुसरी बांधा. – एक वाचक, राऊ

दुसरी टाकी बांधू नका. तीही तीन-चार आठवड्यांत ‘भरेल’.

सेप्टिक टाकी वापरात आल्यावर थोड्याच दिवसांत भरते आणि मग कायम भरलेलीच राहते. बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तळापर्यंत पाणी असणं ही तिची निरोगी अवस्था. घरातून जेवढं पाणी आत येतं तेवढंच पलीकडून शोषखड्ड्यात उतरतं आणि तिथून जमिनीत मुरतं. दरम्यान जड मैला तळाशी गाळ होऊन बसतो, तेलकट आणि हलका भाग वर सायीसारखा धरतो, आणि मधलं त्यातल्या त्यात निवळ पाणी बाहेर पडतं. पाणी साठवणं हे तिचं काम नव्हेच.

आता तुमचाच हिशेब मांडू. वरचा एक फूट मोकळा सोडला तर पाणी ७ × ४ × ४, म्हणजे ११२ घनफूट, सुमारे ३,१७० लिटर. पाच माणसांच्या फ्लशचं पाणी दिवसाला १५० लिटर धरलं तर रिकामी टाकी भरायला बरोबर २१ दिवस लागतात. टँकर तीन आठवड्यांनी बोलवावा लागतो याचा अर्थ एवढाच की शोषखड्डा सध्या जवळजवळ काहीच पीत नाही. टाकीचं म्हणाल, तर भारतीय मानक २४७० मध्ये पाच माणसांना दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि मीटरभर पाण्याची टाकी पुरेशी धरली आहे. तुमची त्याच्या अडीचपटीहून मोठी आहे.

खात्री करायला पुढच्या वेळी संडास तुंबला की टँकरवाल्याआधी झाकणं उघडा. आधी घर आणि टाकीच्या मधलं चेंबर बघा. चेंबर तुडुंब आहे आणि टाकीतलं पाणी नेहमीच्या पातळीला आहे, तर अडथळा लाइनीत किंवा टाकीत शिरणाऱ्या, इंग्रजी T च्या आकाराच्या टी-पाइपाच्या तोंडाशी आहे. बांबूच्या पट्टीने तो मोकळा होतो, टँकरचा खर्च वाचतो. टाकीतलं पाणीच बाहेरच्या पाइपाच्या वर चढलेलं असेल, तर अडथळा पुढे आहे : बाहेरचा टी तुंबलाय किंवा खड्डा. मग खड्ड्याचं झाकण उघडा. खड्डा काठोकाठ असेल तर संशय उरत नाही. खड्डा कोरडा आणि टाकी तुडुंब, तर मधला पाइप दबलाय किंवा तुटलाय. आपल्या काळ्या मातीत हे नेहमीचं. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते, आणि कडक सिमेंटने पक्का केलेला सांधा त्या ओढाताणीत सुटतो.

उन्हाळ्यात त्रास का नव्हता, याचंही उत्तर याच मातीत आहे. एप्रिल-मेमध्ये भेगाळलेली जमीन पाणी गट्ट करते. जुलैत ती फुगून भेगा मिटल्या की त्याच खड्ड्याच्या भिंती मडक्यासारख्या होतात. गच्चीचा पाइप कोणी टाकीला जोडलेला नाही ना, तेही एकदा बघा. १,००० चौरस फूट गच्चीवर १ इंच पाऊस पडला तरी २,३०० लिटरच्या वर पाणी होतं. अर्थात तसं असतं तर तुमची टाकी एका जोरदार सरीत वर आली असती, तीन आठवडे थांबली नसती.

उपाय ठरवण्याआधी मातीची परीक्षा घ्या, आणि ती पावसाळ्यातच घ्या. मेमध्ये घेतलेली परीक्षा काळ्या मातीच्या बाबतीत हमखास फसवते. शोषखड्ड्याच्या नियोजित खोलीला वीतभर रुंदीचं भोक पाडा, आतल्या भिंती खरवडून मोकळ्या करा, तळाला ५ सेंटीमीटर बारीक खडी टाका. फूटभर पाणी भरून रात्रभर भिजत ठेवा. दुसऱ्या दिवशी खडीच्या वर १५ सेंटीमीटर पाणी करून पट्टी लावा आणि पाणी अडीच सेंटीमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते बघा. ३० मिनिटांच्या आत उतरलं तर शोषखड्डा चालेल. ३० ते ६० मिनिटं लागली तर खड्ड्याऐवजी उथळ चर खणून त्यात खडी आणि छिद्रांचा पाइप घालावा लागेल, म्हणजे पाणी जास्त क्षेत्रावर पसरतं. तासाच्या वर गेलं तर त्या जमिनीत मुरवायचा नाद सोडा. तिथे खडीच्या थरातून पाणी खालून वर चढवणारी गाळणटाकी लागते, आणि तिचा आराखडा इंजिनिअरकडूनच करून घ्यावा.

पुष्कळ ठिकाणी काळ्या मातीचा थर चार-सहा फुटांचा असतो आणि खाली पिवळा मुरूम लागतो. खड्डा मातीतच संपला असेल तर मुरमापर्यंत खोल नेल्यावर तो एकदम मोकळा होतो. जवळ बोअर असेल तर मात्र खोल जाण्याआधी पुढचं बोअरच्या प्रश्नाचं उत्तर वाचा.

अजून एक शक्यता. बाहेरच्या तोंडाचा टी-पाइप गळून पडला असेल, तर वरची साय थेट खड्ड्यात गेली असणार आणि विटांच्या फटींवर काळा चिकट लेप बसला असणार. असा खड्डा धुऊन सुधारत नाही. पाणी बंद करून सहा महिने-वर्षभर विश्रांती दिली तर लेप वाळून कुजतो आणि खड्डा पुन्हा पाणी घ्यायला लागतो. म्हणून जागा असेल तिथे दोन खड्डे करून मधल्या चेंबरमधून आलटूनपालटून वापरणं सगळ्यात शहाणपणाचं. टी मात्र आधी बसवा : ४ इंची पीव्हीसी, खालचा पाय पाण्यात फूट-सव्वा फूट बुडलेला, वरचं तोंड उघडं.

टाकी किती वर्षांनी उपसायची? शेजारचे अभिमानाने सांगतात, आमची पंधरा वर्षांत उपसलीच नाही. – एक वाचिका, निपानिया

शेजाऱ्यांचा गाळ पंधरा वर्षं टाकीत थांबलेला नाही, तो शोषखड्ड्यात गेलाय. त्याचं बिल एकदम येईल.

ढोबळ नियम दोन-तीन वर्षांचा, पण घरात माणसं किती आणि टाकी केवढी यावर ते बदलतं. मोजणं सोपं आहे, वर्षातून एकदा, मार्चच्या सुमाराला करा. सहा-सात फुटांची काठी किंवा अर्ध्या इंचाचा पाइप घ्या, खालच्या तीन फुटांना जुना पांढरा टॉवेल गुंडाळून सुतळीने आवळा. झाकण उघडल्यावर दहा-पंधरा मिनिटं लांब उभं राहा. मग तोंड बाजूला ठेवून काठी हळूहळू तळापर्यंत सोडा, दोन-तीन मिनिटं तशीच धरा, एकदा गोल फिरवा आणि सावकाश सरळ वर काढा. जिथपर्यंत टॉवेलला काळे कण चिकटलेले दिसतील तेवढा गाळ. त्याच्या वरचा भाग नुसता मळकट ओला असतो, दोन्हीतली रेघ चांगली ओळखू येते. सायीसाठी दुसऱ्या काठीच्या टोकाला वीतभर आडवी पट्टी ठोका. ती साय भेदून खाली घाला आणि वर ओढा. पट्टी सायीच्या खालच्या बाजूला अडते, तेव्हा काठीवर खूण करा.

गाळ आणि साय मिळून पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांश झाले की उपसा करायचा. चार फूट पाणी असेल तर १६ इंच. सायीचा तळ बाहेरच्या टीच्या खालच्या तोंडापासून ३ इंचांवर आला असेल, तर गाळ कमी असला तरी थांबू नका. आकडा झाकणाच्या आतल्या बाजूला नव्हे, तर वीजमीटरच्या पेटीत तारखेसह लिहून ठेवा. दोन-तीन वर्षांचे आकडे झाले की तुमच्या घराचा वेग तुम्हालाच कळतो.

दर महिन्याला जिवाणूंची पावडर टाकावी का? सासूबाई गूळ आणि ताक टाकायला सांगतात. – महालक्ष्मीनगर

दोन्ही नको. लागणारे जिवाणू रोज संडासातून फुकट येतात. पावडरीने गाळ नाहीसा होत नाही, फार तर ढवळला जाऊन खड्ड्याकडे निघतो. गुळाने तर टाकी आंबट होते. काही जण शेण टाकायला सांगतात, तो सल्ला मात्र अगदी हवेतला नाही : नवी टाकी सुरू करताना ती पाण्याने भरून त्यात जुन्या टाकीतला मुरलेला गाळ किंवा कुजलेलं शेण थोडं विरजणासारखं घालायची पद्धत आहे. चालू टाकीत त्याचा उपयोग नाही, उलट त्यातलं तंतुमय भूस साय वाढवतं.

जिवाणू मरतात ते आपल्या हातून. आठवड्याला अर्धा कप संडासक्लीनर टाकीला पचतं. बाटलीभर ॲसिड, ब्लीचिंग पावडर, रंगाचं थिनर, उरलेली प्रतिजैविकं हे पचत नाही.

टँकर येतो तेव्हा आपण काय बघायचं? मागच्या वेळी शेवटचा गाळ निघेना म्हणून त्यांच्यातला एक मुलगा आत उतरला. – एक वाचक, बिचोली

असं पुन्हा होऊ देऊ नका. ते उतरायला तयार असले, जास्तीचे पैसे मागत नसले, तरीही.

टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे झाकण उघडलं तरी तळाशी राहतो, आणि गाळ ढवळला की त्यात अडकलेला एकदम सुटतो. म्हणजे वरून ‘आता वास नाही’ म्हणून उतरलेल्या माणसाचा पाय गाळात पडतो तेव्हा खरा धोका सुरू होतो. जास्त प्रमाणात हा वायू नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो, म्हणून वास नसणं हा पुरावा नव्हे. कंदील किंवा मेणबत्ती सोडून बघण्याची जुनी रीत तर दुप्पट वाईट : ती या वायूबद्दल काही सांगत नाही, आणि टाकीत मिथेनही असतो, तो पेट घेतो. बेशुद्ध पडलेल्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो.

हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय माणसाला सेप्टिक टाकीत उतरवणं गुन्हा आहे, आणि काम देणारा घरमालकही त्यातून सुटत नाही. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख केली. यंत्राच्या सफाईसाठी १४४२० हा देशभराचा क्रमांक आहे, निगमाकडेही (महापालिकेकडे) मागणी नोंदवता येते.

घट्ट गाळासाठी माणूस लागत नाही, पाणी लागतं. बागेच्या नळीने किंवा टँकरच्याच उलट्या दाबाने टाकीतलं थोडं पाणी जोरात तळावर मारायचं, गाळ पातळ झाला की पुन्हा ओढायचा. दोन-तीन फेऱ्यांत निघतो. टाकीला दोन कप्पे असतील तर दोन्ही झाकणं उघडून दोन्हीत पाइप घालायला लावा. पुष्कळदा पहिल्या कप्प्यात मैल्याचा डोंगर असतो आणि टँकरवाले दुसऱ्यातलं पाणी ओढून बिल करतात. बाहेरच्या टीमधून उपसू देऊ नका, तो तुटतो. तळाशी इंचभर गाळ राहिला तर राहू द्या, विरजण म्हणून तो हवाच. फिनाइलने धुणं वगैरे नको. झाल्यावर टाकी साध्या पाण्याने भरा. प्लास्टिकची किंवा फायबरची टाकी असेल तर हे त्याच दिवशी करा, आणि तशी टाकी भर पावसाळ्यात पूर्ण रिकामी करूच नका : भोवतालचं पाणी तिला होडीसारखी वर उचलतं.

आणि गाडी गाळ कुठे नेते ते विचारा, पावतीवर लिहून घ्या. तो मलजल प्रक्रिया केंद्रात जायला हवा. नाल्यात सोडलेला गाळ कान्ह नदीतून पुढे उज्जैनला शिप्रेत पोचतो.

वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये घाण वास येतो. मुलगा पुण्याला असतो, ती खोली बंदच असते. टाकी उपसून झाली, तरी वास तसाच. – सुदामानगर

टाकी उगाच उपसली. जमिनीवरच्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी उभं असतं, तेच वायूला अडवतं. बंद खोलीत आणि आपल्या उन्हाळ्यात ते काही आठवड्यांत सुकतं. जाळीत, बेसिनमध्ये आणि कमोडमध्ये तांब्या-तांब्या पाणी ओता, जाळीत वरून चमचाभर खाद्यतेल सोडा म्हणजे पाणी उशिरा उडेल. दुसऱ्या दिवशी वास गेला तर काम झालं.

नाही गेला, तर टाकीचा हवेचा पाइप बघा. टाकी घराला लागून असेल तर तो गच्चीच्या २ मीटर वर गेलेला हवा. खिडकीच्या उंचीला सोडून दिलेले पाइप ठिकठिकाणी दिसतात. टोकाला डासांची जाळी असायलाच हवी, टाकीत क्युलेक्स डास पैदा होतात. पण वर्षातून एकदा ती झाडा, कोळ्याच्या जाळ्यांनी आणि गांधीलमाशीच्या घरट्यांनी पाइप बंद होतो.

मी घरून दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेते. मोरीचं आणि वॉशिंग मशीनचं पाणी टाकीत सोडलं तर चालेल का? – लोकमान्यनगर

टाकी फक्त संडासाच्या हिशेबाने बांधलेली असेल तर नाही. मैला बसायला पाण्याला निवांतपणा लागतो, आणि धुण्याच्या दिवशी मशीनचं दोन-तीनशे लिटर पाणी तासाभरात घुसलं की बसलेला गाळही उठून खड्ड्याकडे जातो. मशीनचं पाणी वेगळं काढा.

मोरीच्या पाण्याला तेल अडवणारं चेंबर लागेल, तुमच्या कामाला तर लागेलच. आतून २ फूट लांब, दीड फूट रुंद, पाणी दीड फूट, म्हणजे सव्वाशे लिटर. बाहेरच्या तोंडाला एल्बो (काटकोनात वळलेला पाइप) लावून त्याचा पाय तळापासून ६ इंचांवर आणा, म्हणजे पाणी खालून जातं आणि तेल वर अडतं. फराळाच्या दिवसांत दर आठवड्याला वरचा थर झाऱ्याने काढून कचऱ्यात टाका, एरवी महिन्याने. कढत पाणी ओतून तो वितळवू नका, तो पुढच्या पाइपात जाऊन गोठतो. चकलीची कढई घासण्याआधी कागदाने पुसली तर निम्मं काम तिथेच होतं.

संडासात सॅनिटरी पॅड, ओले वाइप्स, केस, दातकोरणं टाकू नका. निगमाच्या कचरागाडीला सॅनिटरी कचऱ्याचा वेगळा डबा असतो.

३० × ५० फुटांचा प्लॉट आहे. बोअर आणि शोषखड्डा कुठे घ्यावेत? – एक वाचक, बायपास

मानकाप्रमाणे शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर लांब हवा, म्हणजे ५९ फूट. तुमच्या प्लॉटचा कर्ण ५८ फूट आहे. एका कोपऱ्यात बोअर आणि समोरच्या कोपऱ्यात खड्डा घेतला तरी नियम पाळला जात नाही, आणि शेजाऱ्याचा बोअर तर तुमच्या भिंतीला लागूनच असू शकतो.

त्यात माळव्याचा काळा खडक. तो स्वतः पाणी शोषत नाही, भेगांतून वाहवतो, आणि भेगेतून जाणारं पाणी मातीतून गाळल्यासारखं गाळलं जात नाही. त्यामुळे इतक्या लहान प्लॉटवर खोल खड्ड्याऐवजी बंद गाळणटाकी आणि पुढे निगमाच्या परवानगीने निचरा, हेच आमचं मत. ते महाग आहे. बोअर आधीच असेल तर त्याचं पाणी पिऊ नका, बोअरमध्ये वरून घातलेला केसिंग पाइप खडकापर्यंत नेऊन भोवती सिमेंटने बंद करा, आणि पावसाळ्यानंतर नायट्रेट व कोलिफॉर्म (मैल्यातले जिवाणू) तपासून घ्या. उकळून जंतू मरतात, नायट्रेट जात नाही.

टाकीवरच्या स्लॅबवर कार उभी केली तर? – राजेंद्रनगर

स्लॅब वरून शाबूत दिसतो, सडतो तो खालून. टाकीतल्या हायड्रोजन सल्फाइडचं ओलसर पृष्ठभागावर गंधकाम्ल होतं, ते सिमेंट खातं आणि सळई गंजवतं. कार नकोच. उपसा होईल तेव्हा मोबाइलचा कॅमेरा काठीला बांधून खालची बाजू बघा. सळया दिसत असतील तर स्लॅब बदला, आणि तोवर त्यावर मुलांना खेळू देऊ नका.

कॉलनीत आता ड्रेनेज लाइन आली. टाकीतूनच पुढे पाइप काढून जोडू का? – एक वाचिका, राऊ

घरातली लाइन टाकीला वळसा घालून थेट जोडा, १०० मिलिमीटरच्या पाइपाला दर मीटरला दीड-दोन सेंटीमीटर उतार देऊन. टाकी मध्ये ठेवली तर उपसा तुमच्या मानगुटीवर कायम राहतो. जुनी टाकी यंत्राने उपसून घ्या, स्लॅब काढा, तळाला वरूनच पहारीने दोन-तीन भोकं पाडा म्हणजे पावसाचं पाणी आत साचणार नाही, आणि फूट-फुटाचे थर ठोकत मुरूम भरा. काळी माती भरू नका, पहिल्याच पावसाळ्यात ती खचेल आणि अंगणात खड्डा पडेल.